सबमरीनर उघडल्यावर: मेकॅनिकल घड्याळाची पूर्ण सर्व्हिसिंग कशी होते

‘घड्याळ चालू आहे ना? मग उघडायचं कशाला?’ महागडं घड्याळ वापरणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. अडचण अशी की मेकॅनिकल घड्याळ तेल सुकल्यावरही चालत राहतं, आणि खरं नुकसान त्याच काळात होतं. तेल आटलं की चाकाचं पोलादी टोक माणकाच्या छिद्रात कोरडं फिरतं. त्याची झीज होऊन काळसर भुकटी पडते, ती उरल्यासुरल्या तेलात कालवली जाते आणि त्याच टोकाला आणखी घासत राहते. वेळ मात्र ठीकठाक दिसत असते. बंद पडेपर्यंत थांबलं की धुऊन-पुसून भागणारं काम सुट्या भागांच्या खर्चावर जातं.

सगळं एका घड्याळावर समजून घेऊ: रोलेक्स सबमरीनर, मॉडेल १६६१०. चाळीस मिलिमीटरची केस (बाहेरचं पोलादी घर), ३०० मीटरपर्यंत पाणीरोधक, आत कॅलिबर ३१३५. हे मशीन १९८८ साली आलं आणि तारखेच्या सबमरीनरमध्ये २०२० पर्यंत राहिलं. ३१ ज्वेल (चाकांची टोकं ज्यात फिरतात ते माणकाचे खडे), ताशी २८,८०० ठोके, पूर्ण चावी भरल्यावर साधारण ४८ तास चाल. हेच निवडलं, कारण पुढे कुणाला तरी हे उघडावं लागणार आहे याचा विचार ते बनवतानाच केलेला दिसतो. दुसरं कुठलंही चांगलं ऑटोमॅटिक घड्याळ असलं तरी कामाचा क्रम जवळपास हाच.

एक सूचना आधीच. हे वाचून आपलं सबमरीनर जेवणाच्या टेबलावर उघडू नका. हात बसवायचाच असेल तर एचएमटी जनता घ्या: हाताने चावी द्यायची, १७ ज्वेल, ताशी १८,००० ठोके, हात हलला की फिरून चावी भरणारा रोटर नाही, तारीख नाही. जुन्या बाजारातल्या पुष्कळ जनतांच्या तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात, संग्राहक अशांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाकं मुरडतात. शिकायला मशीन धड असलं की झालं.

उघडण्याआधी

काम सुरू होतं ते कॅमेऱ्यापासून. केसच्या चारही बाजू, पट्ट्याचं लॉक, काचेच्या कडा, बेझेलवरचे (काचेभोवतीच्या कड्यावरचे) ओरखडे, सगळ्याचे फोटो काढायचे. पट्टा काढला की लग्जच्या (पट्टा जोडायच्या केसच्या टोकांच्या) मध्ये, सहाच्या बाजूला सिरीयल नंबर आणि बाराच्या बाजूला मॉडेल नंबर कोरलेला दिसतो. दोन्ही पावतीवर लिहायचे. जे ग्राहक हे स्वतः करत नाहीत त्यांना माझा आग्रह असतो की घड्याळ दुकानात देण्याआधी निदान मोबाइलवर चार फोटो घ्या. पुढे ‘हा ओरखडा आधीच होता’ या विषयावर कुणालाच तोंड उघडावं लागत नाही.

तबकडी नीट पाहायची. सहाच्या खुणेखाली ‘स्विस – टी’ आणि त्याला जोडून पंचवीसचा आकडा असेल तर ठिपक्यांत ट्रिटियम, म्हणजे अंधारात चमक देणारा किरणोत्सारी पदार्थ आहे. १६६१० मध्ये नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ट्रिटियम होतं, पुढे ल्युमिनोव्हा हा प्रकाश साठवून चमकणारा रंग आला. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं, त्यामुळे अशी तबकडी आज अंधारात जवळजवळ मेलेलीच असते. तरीही ती बदलू नका, नवा रंग भरू नका. पिवळट झालेले मूळ ठिपके आणि त्यांना शोभणारे मूळ काटे हीच त्या घड्याळाची बाजारातली किंमत असते. अधिकृत केंद्रात देताना ‘तबकडी आणि काटे बदलू नयेत’ हे लेखी द्यावं. केंद्राने त्यावर काम घ्यायलाच नकार दिला, तर तो नकार पदरात घेऊन घड्याळ परत आणावं.

मग घड्याळ टाइमग्राफरवर. यंत्राचा मायक्रोफोन ठोके ऐकतो आणि तीन गोष्टी सांगतो: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्स (मागे-पुढे झुलून वेळ मोजणारं चाक) किती अंश झोका घेतो, आणि दोन बाजूंच्या ठोक्यांत किती फरक आहे. झोक्याचा आकडा बरोबर येण्यासाठी यंत्राला त्या मशीनचा लिफ्ट अँगल, म्हणजे प्रत्येक ठोक्याला बॅलन्स किती अंश ढकलला जातो तो कोन, सांगावा लागतो. ३१३५ साठी तो ५२ अंश. चुकीचा कोन भरून ‘झोका फार छान आहे हो’ म्हणणारेही भेटतात.

वाचायचं कसं? पूर्ण चावी भरलेल्या निरोगी मशीनचा झोका तबकडी वर ठेवल्यावर साधारण २७० ते ३०० अंश असतो. उभं धरलं की तीस-चाळीस अंशांनी उतरतो, तेवढं चालतं. आडव्यात २२० आणि उभ्यात १८० दिसले तर तेल गेलेलं आहे किंवा घड्याळाला ताकद देणारी मेनस्प्रिंग थकली आहे. झोका उत्तम पण घड्याळ दिवसाला मिनिटभर किंवा त्याहून जास्त पुढे धावत असेल, तर पहिला संशय चुंबकाचा. बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. फोनचं कव्हर, पर्सचं बटण, स्पीकर, कारण काहीही असू शकतं. डिमॅग्नेटायझरवरचं काही सेकंदांचं काम आहे. तेवढ्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचं बिल लागत असेल तर विचारायला हवं.

मागचं झाकण आणि रोटर

मागचं झाकण खाचांचं असतं, त्याला त्याच मापाची चावी लागते. चावी निसटली की पोलादावर चंद्रकोर उमटते, म्हणून केस घट्ट धरून, सरळ दाब देत फिरवायची. झाकण आलं की आधी त्याची आतली बाजू बघतो. तिथे गोल घासल्याची खूण असेल तर रोटरचा अक्ष झिजलाय, रोटर कलून घासतोय. ३१३५ ची ही ओळखीची खोड. घड्याळ हलवल्यावर आतून खरखर ऐकू येत असेल तर ग्राहकाला हे आधीच कळलेलं असतं, फक्त त्याचा अर्थ माहीत नसतो.

रोटरसह स्वयंचलित चावीचा भाग काढला की खाली लालसर जांभळट रंगाची दोन उलटी-सुलटी चाकं दिसतात. रोटर कुठल्याही दिशेने फिरला तरी चावी भरली जाते ती यांच्यामुळे. यांचा दातेरी भाग पांढरा पडला असेल तर तिथला थर झिजला आहे. अशा वेळी चाकंच बदलायची.

यानंतरची पायरी कधीच गाळायची नाही: मेनस्प्रिंगची चावी उतरवणं. क्राउन (चावी द्यायचं बाजूचं बटण) बोटांत धरून क्लिक, म्हणजे चावी उलटी फिरू न देणारा अडसर, हलकेच बाजूला करायचा आणि ताण बोटांतून सावकाश सुटू द्यायचा. ताण असताना ब्रिज (चाकं धरून ठेवणारा पूल) सैल केला तर चाकांची सगळी साखळी एका क्षणात गरगरते आणि दाते किंवा टोकं मोडतात. पुढे बॅलन्स काढल्यावर पॅलेट फोर्क (चाकांची ताकद ठोक्याठोक्याने बॅलन्सला देणारा काटा) चिमट्याच्या टोकाने जरा हलवून पाहायचा. तो झटक्याने दुसऱ्या बाजूला उडी मारत असेल तर अजून ताण शिल्लक आहे.

सुटं करणं

क्राउनची दांडी सोडवून मशीन केसबाहेर येतं आणि धारकात बसतं. काटे काढताना तबकडीवर पातळ प्लास्टिक ठेवायचं. तबकडीच्या वार्निशवर एक ओरखडा पडला की तो घालवायचा उपाय नाही. मग तबकडी, तारखेची चकती, तिच्या बाजूचे लिव्हर. तारखेच्या बाजूला बारीक स्प्रिंगा असतात आणि त्यांना उडायची भारी हौस, म्हणून त्या काढताना मशीनवर पारदर्शक पिशवी धरतो.

मागच्या बाजूने आधी बॅलन्स. ३१३५ चा बॅलन्स दोन्ही टोकांना धरलेल्या पूर्ण पुलाखाली असतो. पुलाच्या दोन्ही बाजूंना खाली छोटी नटं आहेत, त्यांनी पुलाची उंची आणि त्यातून बॅलन्सची वर-खाली हालचाल ठरवता येते. हेअरस्प्रिंगला ब्रेगेची वळलेली शेवटची कड आहे, म्हणजे बाहेरचा वेढा वर उचलून आत घेतलेला. अब्राहम-लुई ब्रेगे यांनी हे १७९५ साली आणलं, कारण त्यामुळे स्प्रिंग चहूबाजूंनी सारखी श्वास घेते. मग पॅलेट फोर्क, ट्रेनचा (चाकांच्या साखळीचा) पूल, चाकं आणि बॅरल, म्हणजे मेनस्प्रिंगची डबी. स्क्रू ड्रायव्हर स्क्रूच्या खाचेच्या मापाचाच घ्यायचा. लहान पातं खाच खातं, मोठं पातं पूल ओरखडतं. अनेक स्विस मशीनांत काही स्क्रू उलट्या आट्यांचे असतात आणि त्यांच्या डोक्यावर बहुधा तीन खाचा कापलेल्या असतात. ती खूण न पाहता जोर लावला की डोकं तुटून हातात येतं.

सुटा झालेला प्रत्येक भाग मायक्रोस्कोपखाली. टोक चकचकीत आणि सरळ हवं. त्यावर खोबणी पडलेली दिसली तर ते चाक नवीन तेलानेही सुधारणार नाही. सर्व्हिसिंगचा खरा अंदाज इथे कळतो, काउंटरवर नाही. म्हणूनच न उघडता फोनवर पक्का आकडा सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

धुणं

यंत्रात टाकण्याआधी हाताने. मऊ लाकडाची काडी टोकदार छिलायची, ज्वेलच्या छिद्रात घालून फिरवायची, बाहेर काढून बघायची. टोक काळं आलं तर पुन्हा छिलायची आणि पुन्हा फिरवायची. काडी पांढरी बाहेर येईपर्यंत हे चालतं. कंटाळवाणं आहे, पण वाळून घट्ट झालेलं तेल काही ठिकाणी यंत्राच्या धुण्यातही तसंच राहतं.

मग जाळीच्या छोट्या टोपल्यांत भाग वेगवेगळे ठेवून क्लीनिंग मशीनमध्ये: एक बरणी धुण्याच्या द्रावणाची, पुढच्या दोन खळबळायच्या, शेवटी गरम हवा. बॅलन्स सुटा टाकत नाहीत. तो पुलासकट मुख्य प्लेटवर परत बसवून धुतात, म्हणजे हेअरस्प्रिंग गुंतत नाही. पॅलेटचे माणकाचे दगड आणि बॅलन्सचा छोटा खडा हे लाखेने चिकटवलेले असतात. बांगड्यांना आणि मोहरेला वापरली जाते तीच लाख, शुद्ध केलेली. ती अल्कोहोलमध्ये विरघळते. घरी हौसेने घड्याळ उघडणारे पॅलेट फोर्क स्पिरिटमध्ये भिजत ठेवतात आणि मग दगड हलला की घड्याळ का अडखळतं याचं नवल करत बसतात.

मेनस्प्रिंग धुऊन परत घालण्यात अर्थ नाही, नवीनच टाकायची. ऑटोमॅटिकमध्ये तिचं बाहेरचं टोक बॅरलच्या भिंतीला अडकवलेलं नसतं. पूर्ण ताणली की ती भिंतीवरून घसरते, नाहीतर दिवसभर हात हलवणाऱ्या माणसाचं घड्याळ तुटलंच असतं. ही घसरण योग्य ताणावर व्हावी म्हणून भिंतीला खास घट्ट ग्रीस लागतं, मोबियस या घड्याळ-तेलांच्या ब्रँडचं ८२१७. ते विसरलं की स्प्रिंग लवकर घसरते आणि ४८ तासांचं घड्याळ ३५ तासांतच मान टाकतं.

तेल: किती आणि कुठे

सर्व्हिसिंगमध्ये कारागीर ओळखायचा तो इथे. जास्त तेल कमी तेलापेक्षा वाईट, कारण जास्त तेल जागेवर थांबत नाही. ते काठावरून पसरतं आणि छिद्र कोरडं ठेवून प्लेटवर डाग पाडतं.

एकच तेल सगळीकडे चालत नाही. बॅरल आणि सुरुवातीची चाकं सावकाश पण जोराने फिरतात, त्यांना जाड तेल, उदाहरणार्थ मोबियस एचपी १३००. शेवटची वेगवान चाकं आणि बॅलन्सची टोकं यांना पातळ ९०१०. पॅलेटच्या दगडांना ९४१५. ते दाबाखाली पातळ होतं आणि दाब गेला की पुन्हा घट्ट. चावी द्यायच्या आणि काटे सरकवायच्या भागांत धातूवर धातू घासतो, तिथे ग्रीस. पॅलेट फोर्कच्या दोन्ही टोकांना मात्र सहसा काहीच लावत नाहीत. तो फिरत नाही, फक्त इकडून तिकडे झुलतो, आणि तिथलं तेल झोक्याचे अंश खातं.

ज्वेलभोवती जी छोटी वाटी असते तिच्यात तेल अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत भरायचं. काठाला टेकलं तर पुसून पुन्हा.

बॅलन्सचा खालचा आणि वरचा ज्वेल धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगखाली असतो. स्प्रिंगचं कान सोडवायचं, चपटा झाकण-खडा बाहेर काढायचा, स्वच्छ करून सपाट बाजू वर ठेवायची. तेलाच्या सुईचं टोक मधोमध टेकवलं की थेंब गोल उभा राहतो. खड्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश व्यासाचं वर्तुळ हवं. छिद्राचा खडा त्याच्यावर अलगद ठेवून जोडी उलटायची आणि वरून बघायचं: तेलाचं वर्तुळ मधोमध, कडेपासून सुटं. ते कडेला गेलं असेल तर दोन्ही खडे धुऊन पुन्हा सुरुवात. हे बघायला प्रकाश तिरका लागतो, नाहीतर पारदर्शक खड्यातलं पारदर्शक तेल दिसतच नाही.

पॅलेटचे दगड आणि त्यांच्यावर दाते आदळणारं एस्केप व्हील यांना आधी इपिलाम नावाचा अदृश्य थर देतात. त्याच्यावर तेल पसरत नाही, टाकलं तिथेच गोळा होऊन राहतं. पण जिथे दात दगडावर घासतो तिथे तर तेल हवंच. म्हणून काळजीवाले कारागीर मशीन काही मिनिटं कोरडंच चालवतात. घासण्याच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून थर निघून जातो, दोन्ही बाजूंना राहतो, आणि मग ९४१५ लावलं की ते त्या पट्ट्यात अडकून बसतं. बिलात ही पायरी कधी दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी झोक्यात दिसते.

बॅलन्स लावल्यावर

मशीन जुळवलं, चावी दिली, बॅलन्स बसवला आणि तो स्वतःहून सुरू झाला की बरं वाटतं, पण काम निम्मंच झालेलं असतं. आता वेळ जुळवायची. साध्या मशीनमध्ये हेअरस्प्रिंगची लांबी कमी-जास्त करणारा रेग्युलेटर असतो. ३१३५ मध्ये तो नाही. बॅलन्सच्या कड्यावर आतल्या बाजूला सोन्याची छोटी मायक्रोस्टेला नटं आहेत. ती केंद्राकडे आत घेतली की घड्याळ जलद, बाहेर काढली की मंद. त्यासाठी खास चावी लागते आणि समोरासमोरची जोडी नेहमी सारखीच फिरवावी लागते. एकच नट हलवलं तर बॅलन्स एका बाजूला जड होतो, आडव्यात वेळ सुधारते आणि उभ्यात बिघडते.

किमान पाच स्थितींत मोजायचं: तबकडी वर, तबकडी खाली, आणि क्राउनच्या तीन उभ्या दिशा. स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्र देणारी सीओएससी १५ दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश तापमानांत मशीन तपासते. तिथली सरासरी मर्यादा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर पाच सेकंद म्हणजे ०.००६ टक्के. पंचवीस वर्षांच्या घड्याळात मी सरासरीपेक्षा स्थितीस्थितीतला फरक आधी बघतो. सरासरी नटांनी कुठेही आणता येते. एका स्थितीत अधिक १२ आणि दुसरीत उणे ८ असेल तर आत काहीतरी झिजलेलं किंवा वाकडं आहे. चोवीस तासांनी चावी निम्मी उतरली असतानाही मोजायचं, तेव्हा झोका २०० अंशांच्या वर टिकला पाहिजे. ठोक्यांतला फरक अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत.

केस आणि पॉलिशचा मोह

केस, बेझेल, पट्टा सुटे करून अल्ट्रासॉनिकमध्ये धुतात. पट्ट्याच्या कड्यांतून जे निघतं त्याचं वर्णन नको. दमट हवेत, त्यातून किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या घड्याळात स्प्रिंगबारवर (पट्टा केसला अडकवणाऱ्या दांडीवर) आणि झाकणाच्या आट्यांत गंज सापडतो. स्प्रिंगबार हा स्वस्त भाग आहे, तो प्रत्येक सर्व्हिसिंगला बदलावा.

पॉलिशचं मात्र थांबून ठरवा. ओरखडा घालवणं म्हणजे त्याच्या आजूबाजूचं पोलाद ओरखड्याच्या तळापर्यंत काढणं. १६६१० च्या लग्जवर वरची बाजू घासलेल्या रेषांची आणि कड चकचकीत असते. दोन-तीन वेळा चाकावर गेलेल्या घड्याळाची ही सीमारेषा विरघळते, लग्ज बारीक होतात आणि जुन्या केसमध्ये लग्जच्या बाजूने जी आरपार छिद्रं आहेत त्यांचे काठ गोलसर होतात. जाणकार खरेदीदार पहिल्यांदा तिथेच बघतो. ग्राहकाला चकाकी आवडते, म्हणून बऱ्याच ठिकाणी पॉलिश न विचारता होतं. नको असेल तर पावतीवर लिहून घ्या.

पाणी

झाकणाचं गॅस्केट आणि क्राउनची रिंग बदलायचीच, सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात देऊन. क्राउन ज्या नळीवर आवळतो तिचे आटेही पाहायचे. क्राउन आवळताना घसरत असेल तर नळी बदलायची.

काटे मध्यरात्री तारीख उडी मारते त्याच क्षणी बारावर बसवतात. काटे एकमेकांना आणि काचेला न टेकता समांतर हवेत. फुंकणीने शेवटची धूळ उडवायची, काचेच्या आत डोक्याचा एक केस राहिला तरी ग्राहकाची नजर थेट त्याच्यावर जाते. मग केस बंद.

आधी कोरडी चाचणी: हवेचा दाब देऊन केस किती दबते-फुगते हे यंत्र मोजतं. गळत असेल तर इथेच कळतं आणि मशीनला पाणी लागत नाही. त्यानंतर पाण्यातली. डायव्हिंग घड्याळांच्या आयएसओ ६४२५ प्रमाणात नेमक्या खोलीच्या सव्वापट दाब धरला आहे, म्हणजे ३०० मीटरच्या सबमरीनरला ३७.५ बार. शेवटी घड्याळ ४०-४५ अंशांच्या तव्यावर गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा. मिनिटभराने थेंब पुसल्यावर आतून धुकं दिसलं तर ओलावा आत आहे आणि केस परत उघडावी लागते.

घड्याळ परत घेताना

आधीचा आणि नंतरचा टाइमग्राफरचा कागद मागा, दोन्हीवर स्थिती आणि झोका लिहिलेला असावा. कोणते भाग बदलले याची यादी मागा. काढलेले जुने भाग अधिकृत केंद्रं बहुधा परत देत नाहीत, बाहेरचा कारागीर देऊ शकतो. पण बाहेरच्याला मूळ सुटे भाग सहज मिळत नाहीत, तेव्हा ‘ओरिजिनल टाकलाय’ म्हटलं तर कुठून आणला तेही विचारा. गॅरंटी लेखी घ्या.

पहिले दोन आठवडे रोज एकाच वेळी, मोबाइलच्या घड्याळाशी मिळवून फरक टिपून ठेवा. रात्री काढून ठेवताना कसं ठेवता तेही लिहा, तबकडी वर की क्राउन खाली, कारण त्याने दिवसाला दोन-तीन सेकंदांचा फरक पडतो आणि तेवढाच फरक उलट्या स्थितीत ठेवून भरूनही निघतो. फरक रोज सारखा असेल तर नट अर्धी रेघ फिरवून काम होतं. रोज वेगवेगळा येत असेल तर वही घेऊन घड्याळ परत न्या. पुढची पूर्ण सर्व्हिसिंग रोलेक्सच्याच म्हणण्यानुसार साधारण १० वर्षांनी. पोहणाऱ्यांनी पाण्याची चाचणी तेवढी दर पावसाळ्याआधी करून घ्यावी.